शेहेचाळीस अंशांचं महाबळेश्वर

तबस्सुमला 'भित्री' म्हणाले तेव्हा मी तिथंच, पत्र्याच्या शेडमध्ये कूलरसमोर बसले होते. त्याला आता वर्ष होत आलं, पण माझा राग गेलेला नाही. जावा असं मला वाटतही नाही.

तबस्सुम माझी विद्यार्थिनी. आठवी ते दहावी मी तिला विज्ञान शिकवलं. तिचे वडील गफ्फारभाऊ चंद्रपुरात आटोची इंजिनं दुरुस्त करतात. शाळा सुटली की पोरगी दुकानात जाऊन बसायची. हातात पाना आणि मांडीवर गृहपाठ, असं मी तिला कितीदा पाहिलंय. पुढे शिष्यवृत्ती मिळाली आणि शहराबाहेरच्या छोट्या धावपट्टीवर जो विमान क्लब आहे, तिथे ती उडायला शिकली. जानेवारीत परवाना हातात पडला. आपल्या गावची मुलगी चार आसनांचं विमान चालवते, हे मी भाजीवालीलासुद्धा सांगत होते.

परवान्याच्या अभ्यासात एक धडा होता, हवेच्या घनतेचा. क्लबात तो दहा मिनिटांत उरकला. "हे पहाडातल्या लोकांचं काम आहे. आपण समुद्रसपाटीपासून सहाशे फुटांवर. पुढे चला," असं शिकवणारे म्हणाले. ज्या गावाचं तापमान उन्हाळ्यात देशभरच्या बातम्यांत येतं, त्या गावच्या मुलांना हे सांगितलं! आपल्या उन्हाची दखल पुस्तकानं घेतली होती, पण शिकवणाऱ्यानं घेतली नाही.

धावपट्टीच्या कडेला ठरावीक अंतरावर चुन्यानं रंगवलेले आठ दगड आहेत. जानेवारीत तबस्सुमचं विमान चौथ्या दगडापाशी जमीन सोडायचं. एप्रिल सरता सरता ते सहाव्यापाशी सोडायला लागलं. विमान तेच, हात तेच. तिनं घरी विचारलं तेव्हा गफ्फारभाऊ म्हणाले, "अवं, उन्हाळ्यात हवा पातळ होते. इंजिनाले हवा कमी भेटते, मंग ते दम सोडते. माहे आटोवाले मे महिन्यात हेच रडगाणं घेऊन येतात."

ती माझ्याकडे वही घेऊन आली. विमानाचं मात्र इंजिनावरच भागत नाही, हे तिनं मला समजावलं. हवा तापून फुगली की तेवढ्याच जागेत हवेचे कण कमी राहतात. मग इंजिनाची ताकद घटते, नाकावर फिरणाऱ्या पंख्याची हवेवरची पकड सैल होते, आणि पंखांखाली पेलायला पुरेशी हवा नसते. तिन्ही एकदम. त्यामुळे जास्त धावावं लागतं, आणि उडाल्यावरही विमान हळूहळू वर चढतं.

"बाई, पारा शेहेचाळीसवर गेला का विमानासाठी आपली पट्टी साडेचार हजार फुटांवर जाते," ती म्हणाली. "म्हंजे चंद्रपूरचं महाबळेश्वर होते. फक्त थंडी नाई."

मी हिशेब दोनदा तपासला. बरोबर होता. तिनं तो स्वच्छ लिहून क्लबचे व्यवस्थापक खुशालराव यांना दिला आणि सोबत विनंती केली, की मे महिन्यात सकाळी नऊनंतर उड्डाण नको आणि विमानात ओझं कमी ठेवा. त्यांनी कागद टेबलावरच्या काचेखाली सरकवला. वाचला नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात क्लबकडे तीन पाहुणे येणार होते. त्यांना इरई धरणावरून चक्कर मारून आणायचं काम तबस्सुमला सांगितलं होतं, सकाळी सातला. तिनं मलाही बोलावलं, "बाई, पाहाले या." मी साडेसहालाच हजर. पाहुणे आले दुपारी दीडला, भरपेट जेवून. तिघंही चांगले धिप्पाड. शेडच्या सावलीतला पारा शेहेचाळीसवर होता. धावपट्टीवरच्या डांबराकडे बघवत नव्हतं. एका दिशेलाच विजेच्या तारा नव्हत्या, म्हणून तिकडूनच उडायचं होतं, आणि वारा नेमका पाठीमागून येत होता.

तबस्सुमनं आकडेमोड केली आणि खुशालरावांपुढे उभी राहिली.

"सर, चार जणं आन् भरलेली टाकी. पट्टी आठशे मीटरची. विमानाच्या पुस्तकात सातशे साठ निघते, तेबी नव्या इंजिनाचं आन् वारा नसतानाचं. मले जमनार नाई."

"अगं, रोज उडतेस ना?"

"सकाळी उडतो, सर. एकेकाले नेतो, टाकी अर्धी ठेवतो, उद्या सहा वाजता. आज नाई."

एक पाहुणा हसला. "काय साहेब, तुमची पायलट तर भित्री निघाली."

खुशालरावांनी त्याला थांबवलं नाही. उलट म्हणाले, "आटोच्या दुकानातून मुली उचलून आणल्या की असंच व्हायचं."

मी उठले. तीस वर्षं वर्गात जो आवाज काढला तोच काढला. "तिनं आकडा सांगितलाय. आकड्याला उत्तर द्या."

"मॅडम, ही शाळा नाही," ते म्हणाले.

तिथंच लोकेश उभा होता, तिच्याच तुकडीतला, परवाना मिळून दोन महिने झालेला. "तू नाई तर मी नेतो. काऊन घाबरून राह्यली?" असं म्हणून तो पाहुण्यांना घेऊन निघाला. तबस्सुम विमानापर्यंत त्याच्यामागे गेली. "लोकेश, सहाव्या दगडापर्यंत चाक उचललं नाई तर ब्रेक मार. माह्यासाठी एवढं कर." त्यानं दार लावून घेतलं.

सहावा दगड गेला, सातवा गेला. चाकं जमिनीवरच. अगदी टोकाशी विमान उठलं, पुरुषभर उंचीवर तरंगलं, आणि त्याहून वर जाईना. आतला धोक्याचा भोंगा वाजत असणार. आम्हाला फक्त इंजिनाची घरघर ऐकू येत होती. मग ते खाली बसलं, कुंपण तोडून पलीकडच्या कोरड्या धानशेताच्या बांदीत शिरलं आणि धुऱ्याच्या मातीच्या बांधाला धडकलं. पुढचं चाक दुमडलं, पंखा वाकला.

तबस्सुम पळत सुटली, मी तिच्यामागे. लोकेशचं कपाळ फुटलं होतं. त्या हसणाऱ्या पाहुण्याचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं. बाकी दोघं धडधाकट. आग लागली नाही, हे नशीब.

क्लबनं आपल्याच चार सभासदांची समिती नेमली. पंधरा दिवसांत निष्कर्ष आला: चूक लोकेशची, अननुभव. त्याला वर्षभर उडायला बंदी. खुशालरावांचं नाव कुठंच नाही, आणि त्या दिवशी किती पारा होता याचा उल्लेखही नाही.

तबस्सुमला आनंद व्हायला हवा होता, असं कुणी म्हणेल. ती पेटली. वडिलांना घेऊन समितीसमोर गेली. मीही गेले.

"लोकेश चुकला. मी त्याले सांगितलं होतं," ती म्हणाली. "पण आम्हा दोघांना तो धडा दहा मिनिटांत कोणी शिकवला? माहा कागद टेबलावरच्या काचेखाली कोणी दाबला? दुपारी विमान काढाले कोणी लावलं? थे बी लिहा."

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. गफ्फारभाऊ हात जोडून उभे होते. तिनं त्यांचे हात खाली केले.

जूनमध्ये सूचनाफलकावर नियम लागला: एप्रिल ते जून सकाळी नऊनंतर उड्डाण बंद, वजनाचा हिशेब लेखी हवा. खाली लिहिलं होतं, 'व्यवस्थापक खुशालराव यांच्या पुढाकाराने'.

मी तिला म्हटलं, "निदान नियम तरी झाला."

"हो बाई. त्यानं कोणाचा तरी जीव वाचन," ती म्हणाली. "पण लोकेश घरी बसून राह्यला. मायबापाले तोंड दाखवत नाई. दर रविवारी मी त्याच्याकडे जातो, आकडेमोड करून घेतो. बंदी संपली का त्यानं उडाले पाहिजे. आन् त्या फलकावरचं नाव पाहलं का माह्या अंगाचा अजून तिळपापड होते."

माझाही होतो. ते नाव काढा आणि निष्कर्षात त्या दिवशीचा पारा लिहा, असं परवाच मी क्लबला चौथं पत्र टाकलंय. उत्तर नाही.