शनिवारची कविता

बहात्तरच्या दुष्काळात हे विषमज्वरानं गेले आणि मला रडूच आलं नाही. श्रीगोंद्याकडच्या आमच्या गावात बाईनं रडायचं असतं, मोठ्यानं, गळ्यात पडून. बायका यायच्या, गळा काढायच्या आणि मग माझ्या तोंडाकडं बघत बसायच्या. मी विचारायचे, चहा टाकू का? दुसरं काही सुचायचंच नाही. "हिला रडवा गं, न्हाईतर येडी व्हईल," असं माझ्यादेखतच बोलायच्या.

हे शाळेत मास्तर होते. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात सतरंजी टाकून कविता म्हणायच्या, ही टूम यांचीच. बारा महिने चालायची. शाळेतले मास्तर, पोस्टमन, दोन-चार शेतकरी जमायचे. पुस्तक आणायचं नाही. आवडती आहे ना, मग पाठ असायलाच हवी, असं यांचं म्हणणं. कुणी अडलं तर ज्याला येत असेल त्यानं पुढं न्यायची.

श्रावणात सासूबाई मला तिथं घेऊन गेल्या. "चल, तितं तरी पाझर फुटंल," म्हणाल्या. बाकीच्या मास्तरांनी यांची आवडती नदीची कविता मुद्दाम काढली. म्हणणारा दुसऱ्याच कडव्याला थांबून डोळे पुसायला लागला. दुसऱ्यानं उचलली, तोही थांबला. पोस्टमननं टोपीत तोंड लपवलं. मग मीच उचलली आणि कुठंही न अडता शेवटपर्यंत नेली. सगळे म्हणाले, धीराची बाई. डोंबलाचा धीर! आत काही हललंच नव्हतं.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "माज्या लेकाचं तुला एवढं पाठ. मला त्यातलं एक अक्षार येत न्हाई. शिकव मला."

त्यांना वाचता येत नव्हतं, मग सांगूनच शिकवायचं. दोघी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचो. मी ओळ सांगायचे. त्या हातोडा खाली ठेवून ती म्हणायच्या आणि रडायच्या. मुकादम खेकसायचा. त्या डोळे पुसायच्या, पुन्हा म्हणायच्या, पुन्हा रडायच्या. मला कंटाळा यायचा, खोटं कशाला सांगू. मी मुकाट पुढची ओळ सांगायचे.

फाल्गुनातल्या शनिवारी त्या सतरंजीवर बसल्या, पदर सारखा केला आणि अख्खी कविता म्हटली. पाण्याला 'पानी' म्हणत, पण एकही ओळ न गाळता. आवाज खणखणीत, डोळे कोरडे. मास्तर मंडळी मात्र नाकं पुसत होती. मग एकेकाची नजर माझ्याकडं वळली. मी आत चाचपून पाहिलं. तिथं काहीच नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मान खाली घालून मी सतरंजीचा दोरा ओढत बसले.

सासूबाई उठून माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"तिच्याकडं बघू नगा," त्या सगळ्यांना म्हणाल्या. "तिच्या वाटचं मी रडले हाय."