कोर्ट उठेपर्यंत

बाबांच्या गळ्यात निळ्या कापडाचं कातरण बांधलं होतं. सुटीचा भोंगा झालेला, सगळे कामगार त्यांच्यापुढून जात होते. कारखान्याचे साहेब गेटवर खुर्ची टाकून बसले होते. "देख लो सब. चोर ऐसा दिखता है." मी शाळेच्या गणवेशात गेटबाहेर उभी. आम्ही दोघं जयंतीची खरेदी करायला जाणार होतो. बाबांनी मला पाहिलं आणि मान खाली घातली.

कातरण म्हणजे तंबूचं अस्तर शिवताना उरलेल्या पट्ट्या. त्या सरकारी कारखान्यातले सगळेच शिंपी न्यायचे. आई त्या पट्ट्या जोडून दरवर्षी विहारावरचा झेंडा शिवायची.

वकिलानं बजावलं होतं, नाही म्हणा, डब्याच्या पिशवीत कोणीतरी टाकलं म्हणा. पण बाबा रोज विहारात पंचशील म्हणणारे. खोटं बोलणार नाही, हे त्यातच आलं. मॅजिस्ट्रेटनी विचारलं, "जुर्म कबूल है?"

"जी. ले गया था."

शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत बसून राहण्याची. बाबा बाकावर बसले ते पाणी प्यायलाही उठले नाहीत. घरी येऊन आईला म्हणाले, "झालं. कायद्यानं सोडलं आपल्याले."

कुठलं सोडलं! गुन्हा कबूल, म्हणून नोकरी गेली. मग क्वार्टर गेलं. गोहलपुरात एका खोलीत आलो.

कोणी म्हणालं, साहेबांचे पाय धरा. बाबा मला घेऊन बंगल्यावर गेले. दिवाणखान्यात निळे पडदे. तेच कारखान्याचं कापड, अख्खं, कुठे जोड नाही. साहेब म्हणाले, पहिले पाय धर, मग बघू. बाबा वाकले. मी त्यांचा दंड धरून त्यांना सरळ उभं केलं.

"बाबा, काहून वाकून राहिले? चोराचे पाय धरता का?"

आम्हाला हाकलून दिलं. रस्त्यात बाबा रडले. मी रडले नाही. मला राग आला होता, आणि तो मी जपून ठेवला.

लोक म्हणतात, कायदा आंधळा असतो. आंधळा असता तरी परवडलं असतं. त्याला डब्याची पिशवी बरोबर दिसते, पडदे दिसत नाहीत.

मी वकील झाले. बाबा गेले, त्यांच्या नावावरचा डाग गेला नाही. यंदा त्याच साहेबांनी त्याच गेटवर कातरणापायी दुसरा शिंपी धरला. तो माझ्याकडे आला. हाही आमच्या विहारातलाच. म्हणाला, "दीदी, मी खोटं नाही बोलत. कबूल करून टाकतो."

"खोटं नका बोलू," मी म्हणाले. "पण गुन्हाही कबूल करू नका. तुम्ही काय नेलं ते सांगू, अन् साहेबांच्या घरी काय गेलं तेही विचारू."

कोर्टातले लोक समजावतात, साहेब रिटायर होऊन राहिले, जाऊ द्या, दया करा. बाबांवर कोर्टानं दयाच केली होती. त्या दयेनं आमची चूल विझवली. मला सूड हवा आहे. हा शब्द उच्चारायची मला लाज वाटत नाही.

सोमवारी साहेब साक्षीला येणार आहेत. खरं बोलायची शपथ घेतील. माझा पहिला प्रश्न तयार आहे: तुमच्या बंगल्यात पडदे कोणत्या कापडाचे होते? कारखान्याच्या म्हणाले तर चोरी, दुसऱ्या म्हणाले तर खोटी साक्ष. कोर्ट उठेपर्यंत मी त्यांना पिंजऱ्यातून उतरू देणार नाही.