साबणबाईची दुसरी डबी

…तर त्या डबीत फिनेल गेलं ते असं. टाकीवाल्याच्या बायकोनं आधी डबी उकळत्या पाण्यानं विसळली, मग फिनेलच्या फडक्यानं आतून पुसून काढली, आणि ऐवज आत पडल्यावर वरून आणखी चार थेंब सोडले. कशासाठी? तर तपासणाऱ्या पोरीला वास येऊ नये म्हणून! डबी होती शौचाच्या नमुन्याची, आणि दवाखान्याला त्यातले जंतूच तर हवे होते. तेही जिवंत. पोरीनं झाकण उघडलं तर आत सगळी सामसूम.

फोन आला तेव्हा टाकीवाला जेवायला बसला होता. तो इतका हसला की घास नाकात गेला. हसणारच! तीस वर्षं तो लोकांच्या मैल्याच्या टाक्या उपसत आला होता आणि प्रत्येक दारात त्याचं एकच पालुपद, "बाई, संडासात फिनेल ओतू नका. खाली टाकीत जंतू असतात, ते राबतात म्हणून तुमचं घर चालतं. ते मेले की मग मला बोलवाल नाक धरून." जगाला हे सांगत फिरला आणि त्याच्याच घरात हा प्रकार.

"अगं, ती दवाखान्यात पाठवायची होती, पाहुण्यांपुढे नव्हती ठेवायची!"

बायको हसली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

तिला सगळी गल्ली साबणबाई म्हणायची, आणि ते नाव तिनं कमावलेलं होतं. मोठ्या लाँड्रीत ती डाग बघायच्या कामावर होती. खालून दिवा लावलेलं काचेचं लांब टेबल, त्यावरून धुतलेल्या चादरी सरकत जायच्या, हॉटेलांच्या, इस्पितळांच्या. डाग दिसला की तिथं लाल दोऱ्याचा एक टाका घालायचा आणि चादर परत धुवायला. बावीस वर्षांत तिच्या हातून डागाची चादर सुटली नव्हती. घरीही तेच. नवरा कामावरून आला की मागच्या दारी नळाखाली उभा, आणि ही उंबऱ्यातून फर्मावणार, "कोपर राहिलं. कानामागे बघा. तो नाही, दुसरा कान." राजा जरी घरी आला तरी ही त्याला आधी नळाखाली उभा करील, असं टाकीवाला ज्याला त्याला कौतुकानं सांगायचा.

अशा बाईच्या मागे तो आजार लागला. आधी तोंडात फोड, मग गुडघे सुजले, मग डावा डोळा लाल झाला आणि धुक्यात गेला तो गेलाच. आजाराचं नाव असं की टाकीवाल्याची जीभ त्यात दोनदा अडखळायची. डॉक्टरीणबाईंनी सोपं करून सांगितलं होतं : अंगातले राखणदार पिसाळतात आणि आपल्याच घरावर धावून जातात. का पिसाळतात ते कुणालाच नीट ठाऊक नाही. क्वचित कुणाला होणारा आजार, त्यामुळे रोगी मिळायचेच वांधे. दवाखान्यानं तीन वर्षं शोधून सतरा जमवले होते, ही अठरावी. प्रत्येकाच्या आतड्यातले जंतू तपासायचे, आणि त्याच घरात त्याच भांड्यातलं खाणाऱ्या एका धडधाकट माणसाचेही. अजून गोळ्या सुरू न झालेलेच रोगी हवेत, कारण गोळ्या पोटात गेल्या की आतल्या जंतूंची उलथापालथ होते. यानं तुम्हाला बरं वाटणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं. झालाच उपयोग तर पुढच्यांना.

"पुढचे म्हणजे कोण?" साबणबाईनं विचारलं.

"ज्यांना अजून झालेला नाही ते."

घरी बारा वर्षांची मुलगी होती. उन्हाळ्यात तिच्या जिभेखाली दोन फोड आले होते. "शाळकरी मुलांना येतात, त्यावरून काही ठरत नाही," असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण तेव्हापासून आई तिला सारखी खिडकीशी नेऊन आ करायला लावायची आणि टेबलावरची चादर बघावी तसं ते तोंड बघायची. पोर वैतागायची. "आई, मी काय घोडा आहे का?"

डबी बिघडली सोमवारी. मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी उजवा डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यातही सूज सुरू झाली होती.

"या गोळ्या आजपासून. एक दिवसही चुकवायचा नाही."

"आणि डबी?"

"राहू दे ती. सतरांवर भागवू. आधी डोळा."

टाकीवाल्यानं स्वतः गोळ्या आणल्या. रोज सकाळी स्वतः पेला भरून दिला. ती गोळी तोंडात टाकायची, घोट घ्यायची, आणि फोड झोंबतात म्हणत मोरीत चूळ भरायला जायची. पुढच्या सोमवारी दवाखान्यातली डबीवाली पोर नेहमीच्या फेरीवर बर्फाची पेटी घेऊन आली, तेव्हा साबणबाईनं तिच्या हातात दुसरी डबी ठेवली. या खेपेला फिनेलचा थेंब नाही.

"राहू दे म्हणाल्या होत्या ना?" टाकीवाल्यानं विचारलं.

"हिनं मागितली, मी दिली. तुमच्या का पोटात दुखतंय?"

गुरुवारी टेबलावरून पहिली चादर सुटली. मुकादम ती घेऊन आला, त्याला वाटलं बाई थट्टा करतायत. साबणबाईनं चादर डोळ्याशी नेली, लांब धरली, परत जवळ आणली आणि म्हणाली, "कुठंय डाग?" डाग तळहाताएवढा होता.

मग गोळ्या वाढवल्या, डोळ्यात सुया झाल्या. हाती काय लागलं, तर उजेड आणि सावली. दारात माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण आहे ते नाही. "वेळेवर सुरू करूनही इतकं कसं बिघडलं," डॉक्टरीणबाई कागद चाळत पुटपुटल्या. टाकीवाल्यानं गोळ्या बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. लाँड्रीनं टेबलावर दुसरी बाई बसवली. मुलीचं तोंड बघायचं काम आता त्याच्याकडे आलं. तो तिला खिडकीशी न्यायचा, पण आत बघायची त्याची छाती होत नसे. बाहेर रस्त्याकडे बघत तो म्हणायचा, "काही नाही गं. झकास आहे."

वर्ष गेलं. डबीवाली पोर निकाल सांगायला घरी आली. काका-काकू करत चहा घेतला आणि कागद उघडला. धडधाकट माणसांच्या आतड्यात काही जंतू मुबलक सापडले होते. ते एक आम्ल तयार करतात, त्यानं आतड्याचं अस्तर शांत राहतं. रोग्यांत तेच जंतू अगदी कमी, एका भांड्यातलं खाऊनही. पण जंतू गेले म्हणून आजार आला, की आजार आला म्हणून जंतू गेले, ते अजून कळलेलं नाही.

"म्हणजे टाकी आधी मेली की पाईप आधी तुंबला, तेच ना?"

"अगदी तेच, काका!"

टाकीवाला खूश झाला. बऱ्याच महिन्यांनी त्याची कळी खुलली होती.

"काकूंची दुसरी डबी बिनगोळ्यांची मिळाली म्हणून अठरा भरले," पोर म्हणाली.

"बिनगोळ्यांची कशी? गोळ्या मंगळवारी सुरू झाल्या. डबी तू नेलीस पुढच्या सोमवारी."

"नाही काका. काकू म्हणाल्या, अजून सुरू व्हायच्यात. मी दोनदा विचारलं होतं…" एवढं बोलून ती थांबली. तिनं साबणबाईकडे बघितलं. मग कप खाली ठेवला आणि चप्पल अर्धवट पायात घालूनच बाहेर पडली.

टाकीवाल्याचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला असेल.

"सहा दिवस! मी पेले भरून देत होतो आणि तू मोरीत थुंकत होतीस! माझ्या डोळ्यांदेखत! डॉक्टरीणबाईंना फसवलंस, त्या पोरीला फसवलंस, मला फसवलंस. कशासाठी? मैल्याच्या एका डबीसाठी? अगं, डोळा होता तो, डोळा!"

मग त्याचा घसा बसला आणि तो भिंतीकडे तोंड करून खाली बसला. आरडाओरडा ऐकून मुलगी दारात येऊन उभी राहिली. साबणबाईनं त्या सावलीकडे हात केला, चाचपत पोरीची हनुवटी धरली, आणि नवऱ्याला म्हणाली,

"फसवलं, खरं आहे. आणि वर्षभर हिच्या तोंडात न बघताच 'झकास आहे' म्हणत आलात, ते काय होतं? आवाज रस्त्याकडे जायचा तुमचा, कळत होतं मला. उठा आता. हिला जीभ वर करायला लावा, नीट बघा, आणि जे असेल ते मला सांगा."