थांबा, दिगंबर शोधतो आहे

काल घरच्या अडगळीतला, वाचनालयाने टाकून दिलेला जुना संगणक चालू केला, आणि तापलेल्या धुळीचा तोच वास आला. त्या वासासरशी मी पंचवीस वर्षं मागे, सिंधीपुऱ्यातल्या वाचनालयाच्या उद्घाटनात जाऊन उभा राहिलो.

पुस्तकं शोधायचा तिथला प्रोग्राम माझा सहकारी दिगंबर याने लिहिला होता. तो म्हणायचा, "ज्याचा कोड आपल्याला वाचता येत नाही, ते मशीन आपलं नाही. माझा कोड कुणीही घ्या, बदला. फक्त वरचं नाव पुसू नका." तो तापाने गेला. महिन्याभरात मी ते नाव पुसून माझं घातलं.

उद्घाटनाला पाहुण्यांनी नेमकं वाचनालयात नसलेलं पुस्तक मागितलं. पडद्यावर अक्षरं उमटली, "थांबा, दिगंबर शोधतो आहे." ही ओळ आत कुठेतरी आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

"ये दिगंबर कौन है भाई?" पाहुण्यांनी हसत विचारलं.

"मशीन का नाम है, साहब."

सगळे हसले. सुटलो, असं तेव्हा वाटलं. मागच्या खुर्चीवरून दिगंबरची बायको उठून जवळ आली आणि त्या अक्षरांवर बोट ठेवून हळूच म्हणाली, "भाऊजी, अजून काय शोधताहेत हे?"

मी घाईने दुसऱ्याच पुस्तकाचं नाव टाइप केलं.

काल कोडच्या पहिल्या ओळीतलं माझं नाव काढून मी त्याचं लिहिलं. मग मुद्दाम नसलेलं पुस्तक मागितलं. तीच ओळ आली. वहिनी आता नाहीत, त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी पडद्यालाच दिलं, "तुझं नाव, दिगंबर. मी पुसलं होतं."

ओळ तशीच राहिली.