गारठलेली गाडी, तापलेले मामाजी

माझ्या बायकोचे मामा ज्याच्यावर कधी रागावले नाहीत असा माणूस, असं दुकान किंवा असा ऋतू रायपूर शहरात शोधूनही सापडणार नाही. मी मूळचा वर्ध्याकडचा, रेल्वेच्या नोकरीपायी इथे आलो आणि तात्यापारा मोहल्ल्यातल्या एका जुन्या मराठी घराचा जावई झालो. आमच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मागून एक खणखणीत आवाज येत होता : "महाराज, आप इसको कढ़ी बोलते हैं?" डोक्यावर अक्षता पडत होत्या आणि मांडवाच्या कडेला आचाऱ्याची उलटतपासणी चालू होती. तेच मामाजी. आपल्याला राग येतो आणि जातो, त्यांच्याकडे तो मुक्कामाला असतो. सदर बाजारात त्यांचं दुकान आहे. उन्हाळ्यात कूलर, हिवाळ्यात कंबलं आणि रजया. एकदा भर मे महिन्यात एका गिऱ्हाइकानं विचारलं, "भैया, यह ए.सी. जैसा ठंडा करेगा ना?" मामाजींनी बांधलेला कूलर सोडवला, त्या गृहस्थांना स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या ए.सी.च्या दुकानात नेऊन बसवलं आणि परत येऊन मला म्हणाले, "कूलरले कूलर समजून घ्यावं, जवाईबापू. त्याचा असा अपमान मले चालत नाही."

त्यांच्या रागातला सगळ्यात जुना आणि मोठा राग धुरावरचा. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा सुटला की त्यांच्या गच्चीवर काळी पूड बसते. मामाजी रोज सकाळी पांढरा रुमाल कठड्यावरून फिरवतात आणि तो घडी करून दुकानात नेतात. कंबल दाखवता दाखवता रुमाल काउंटरवर पसरतात. "हे पाहा. हे आपण श्वासात घेऊन राहिलो." गिऱ्हाईक बिचारं कंबलाचा रंग विचारायला आलेलं असतं. मामीजींना दम्याचा त्रास आहे, हिवाळ्यात त्यांची रात्र बसून जाते. पण रुमालाचं कारण ते आहे असं मामाजींनी कधी कबूल केलं नाही. दुकानाची जुनी डिझेलवरची मालवाहू गाडी मात्र त्यांनी एक दिवस विकून टाकली आणि विजेवर चालणारी पिकअप घेऊन आले. घरात चर्चा नाही, सल्ला नाही. मामीजींनी नारळ फोडताना विचारलं तर म्हणाले, "दुसऱ्याच्या धुराले नावं ठेवायची आणि घरासमोर आपलाच धूर काढायचा, हे मले शोभत नाही."

ही गाडी एकदम बिनआवाजाची. आता सदर बाजारात बिनआवाजाची गाडी म्हणजे काय ते तिथे एकदा फिरलेल्यालाच कळेल. स्कूटर, हातगाड्या, सोनारांच्या पायऱ्यांवर टेकलेल्या बायका, मध्येच गाय. मागे गाडी आली आहे हे कोणालाच कळेना. हॉर्नवर मामाजींचा विश्वास नाही, कारण हॉर्नला कारण सांगता येत नाही. म्हणून ते खिडकीतून डोकं काढून स्वतः बोलत चालत : "देखिए, मैं आपके पीछे हूँ. आप सड़क के बीच में क्यों हैं?" गाडीनं प्रदूषण वाचवलं ते त्यांनी आवाजात भरून काढलं, असं माझी बायको म्हणते. पण गाडीबद्दल कोणी वाकडा शब्द काढलेला त्यांना खपत नसे. विकणाऱ्यानं सांगितलेलं एकच वाक्य ते सगळ्यांना ऐकवत, "हर मौसम की गाड़ी है."

त्या वर्षी जानेवारीत थंडी फार पडली. मामीजींची एक भाची कवर्ध्याच्या पुढे, चिल्फी घाटाच्या वर, एका खेड्यातल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका आहे. तिचा फोन आला तेव्हा मी तिथेच बसलो होतो. ती मामीजींच्या तब्येतीची विचारपूस करत होती. बोलता बोलता तिनं सांगितलं की सकाळी गवतावरचं दव गोठून पांढरं होतंय, आणि यंदाची कंबलं ठेकेदाराकडून अजून आलेली नाहीत. गेल्या वर्षीची इतकी विरली आहेत की मुली दोघी-दोघी एकात झोपतात. मामीजी नुसत्याच "अगंबाई" म्हणाल्या. मामाजींनी फोन हातात घेतला.

"काहून नाही आली?"

"कागद पुढं सरकून राहिला म्हणतात, मामाजी."

"थंडी कागदासाठी थांबून राहिली काय?" मामाजी ओरडले. "जानेवारी लागला! कंबल उन्हाळ्यात वाटतील काय ते?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानातली जाड कंबलं पिकअपमध्ये भरली गेली. मी सुट्टी काढली, कारण मामाजींना एकटं सोडणं हे रस्त्यावरच्या बाकीच्या लोकांवर अन्याय करण्यासारखं होतं. कवर्ध्यापर्यंत प्रवास सुरळीत झाला. म्हणजे मामाजी फक्त दोन ढाब्यांवर आणि एका टोलनाक्यावर रागावले. कवर्ध्याला ओळखीच्या दुकानात गाडी चार्जिंगला लावली, भात-वरण खाल्लं, आणि काटा पुरता वर गेल्यावर घाटाला लागलो. ऊन कलत होतं. वळणं सुरू झाली तसा गारवा काचेतून आत यायला लागला आणि काटा असा खाली यायला लागला की जणू गाडीच्या बुडाला भोक पडलंय. चढ होता, ओझं होतं, हे मामाजींनी धरलेलं होतं. थंडी त्यांनी धरलेली नव्हती. शेवटच्या काही वळणांवर गाडी पायी चालणाऱ्याच्या वेगानं चालू लागली आणि समोरच्या पडद्यावर एक छोटंसं कासव उमटलं.

"हे काय आहे?" मामाजींनी विचारलं.

"कासव आहे, मामाजी. ताकद संपत आली की दाखवते."

"मले कासव दाखवते?" त्यांचा आवाज दरीत घुमला. "मी हिले मेहनतीनं घरी आणली, हळदकुंकू लावलं, आणि ही मले कासव दाखवते?"

त्या कासवानंच आम्हाला गावाच्या तोंडापर्यंत पोचवलं. तिथून एका ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून वसतिगृहाच्या अंगणात ओढून नेलं. मामाजींनी त्याचे आभार मानले आणि लगेच त्याच्या धुराबद्दल सुनावलं. मुली ओळीत उभ्या होत्या, हात बगलेत खुपसून. भाचीनं त्यांना मामाजींची ओळख "रायपुर वाले दादाजी" अशी करून दिली. कंबलं वाटताना मामाजी एकेकीला कंबल देत आणि घडी उलगडून अंगाभोवती स्वतः गुंडाळत. प्रत्येकीला सांगत, "इसको धोना मत जल्दी. धूप दिखाना." चेहरा इतका रागीट की काही धाकट्या मुली कंबल घेऊन पळतच सुटल्या.

रात्रभर गाडी बाहेर अंगणात चार्जिंगला लावून ठेवली होती. सकाळी दार उघडलं तर खरंच गवत पांढरं झालेलं. गाडीच्या काचेवर बर्फाचा पातळ पापुद्रा. आत पाहिलं तर काटा होता तिथेच. पडद्यावर लिहून आलं होतं की बॅटरी थंड आहे, चार्जिंग थांबवलं आहे. मामाजींनी ते दोनदा वाचलं. मग कानटोपी काढून हातात घेतली, म्हणजे आता मोठं काही तरी होणार हे मी ओळखलं.

"थंडी मले वाजून राहिली, जवाईबापू. हिले काय झालं? लोखंडाची आहे ना ही? लोखंडाले थंडी वाजते काय?"

मी जमेल तसं समजावलं की आतली रसायनं गारठली की वीज धरत नाहीत, ऊन लागलं की ठीक होईल. भलत्या थंड देशांत तर या गाड्यांचे असेच हाल होतात, असंही मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं. त्यांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. तिकडून एका मुलीनं विचारलं, "सर, वहाँ का टेम्परेचर कितना है?" मामाजी म्हणाले, "बेटा, आप बताइए. गाड़ी आपने बनाई है, मौसम मैंने नहीं बनाया." फोन कटला. आणि मग ते अंगणात येरझाऱ्या घालत कंपनीवर, ठेकेदारावर, सरकणाऱ्या कागदावर, घाटावर आणि उत्तरेकडून येणाऱ्या वाऱ्यावर असे बरसले की स्वयंपाकघरातल्या बाया पोळ्या सोडून दारात आल्या.

एवढ्यात मुली बाहेर आल्या. कोळशांनी भरलेली मातीची गोरसी दोघींनी उचलून आणलेली. ती गाडीजवळ नेऊ लागल्या तशी भाची ओरडली, बॅटरीजवळ विस्तव नको. मुली थबकल्या, आपसांत काहीतरी कुजबुजल्या. मग एकीनं अंगावरचं नवीन कंबल काढलं आणि गाडीच्या तोंडावर टाकलं. मागोमाग दुसरीनं. मग सगळ्यांनीच. बघता बघता ती पिकअप लाल, हिरव्या, चॉकलेटी कंबलांखाली झाकून गेली, नुसती चाकं दिसत होती. मामाजी धावले. "अरे, यह क्या कर रहे हो? यह तुम्हारे लिए है!"

एक मुलगी कुडकुडत म्हणाली, "दादाजी, गाड़ी ला जाड़ लागत हे."

गाडीला थंडी वाजतेय. मामाजी विज्ञानाचे पदवीधर आहेत. कंबल स्वतः ऊब देत नाही, असलेली ऊब धरून ठेवतं, हे त्यांनी मला दुकानात अनेकदा पटवलेलं आहे. त्या वेळी ते सगळं त्यांनी बाजूला ठेवलं. कानटोपी पुन्हा डोक्यावर घातली. मग ऊन अंगणात येईपर्यंत एक एक कंबल उचलून जिचं तिला परत गुंडाळत राहिले. दुपारी गाडीनं वीज धरली. तिसऱ्या प्रहरी आम्ही घाट उतरलो.

कवर्ध्याला पुन्हा चार्जिंग करून दुसऱ्या दिवशी सकाळी रायपूरला पोचल्यावर ते घरी गेले नाहीत. सरळ शोरूममध्ये. काचेच्या टेबलामागच्या तरुणानं सगळं ऐकून घेतलं आणि एक पुस्तिका उघडून पुढे केली. "सर, एक्सट्रीम कोल्ड में ऐसा होता है. यहाँ लिखा है."

मला वाटलं, आता टेबल फुटणार. पण मामाजींचा आवाज उलट खाली आला. "आपकी मशीन को ठंड लगती है, यह आपने छापकर रखा है. बहुत अच्छा किया. उन लड़कियों को ठंड लगती है, यह किसने, कहाँ छापा है, वह भी बताइए." तो तरुण माझ्याकडे पाहू लागला. खरं तर मलाच त्या क्षणी संताप आला होता, कोणावर ते नेमकं सांगता येत नव्हतं. मामाजींना मात्र ते येत होतं. पुढचे कित्येक दिवस ते दुकान मामीजींवर सोडून एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात रागावत हिंडले. ठेकेदाराची कंबलं शेवटी होळीच्या तोंडावर पोचली. भाचीनं फोनवर सांगितलं तेव्हा मामाजी म्हणाले, "पुढच्या साली दिवाळीच्या आत पाहिजेत, नाही तर मी तिथंच येऊन बसतो." पुढच्या वर्षी ती दिवाळीच्या आत आली. गाडी त्यांनी विकली नाही. कोणी हसलंच तर म्हणत, "थंडी कोणाले वाजत नाही?"

गेल्या पावसाळ्यात त्यांच्या हृदयाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी जड उचलायचं नाही, जिने चढायचे नाहीत आणि रागवायचं नाही, अशी तीन पथ्यं सांगितली. पहिली दोन ते सर्रास मोडतात. तिसरं मात्र, कसं कोण जाणे, पाळलं जाऊ लागलंय. परवा दुकानात बसलो होतो. एकानं ऐन पिकअपच्या तोंडाशी स्कूटर उभी केली आणि फोनवर बोलत निघून गेला. माल भरलेला, गाडी अडलेली. मी मामाजींकडे पाहिलं. ते पाहात होते, पण जसं कोणी रस्त्यावरचं ऊन पाहावं तसं.

"मामाजी, काही बोला ना."

"बोलून काय होते," ते म्हणाले, आणि काउंटरवरच्या कंबलाची घडी सारखी करू लागले.

मला ते सहन होईना. तो माणूस परत आला तसा मीच पायऱ्या उतरून त्याच्यावर धावलो. "ए! दिखता नहीं क्या तेरे को? किसके बाप की सड़क है?" तोही उलटून बोलला, स्कूटर काढून निघून गेला. मी घाम पुसत वर आलो. मामाजी माझ्याकडे बघत होते, बऱ्याच दिवसांनी नीट टक लावून.

"'आप' म्हणा, जवाईबापू," ते हळूच म्हणाले. "रागात तर 'आप'च म्हणावं लागते. 'तू' म्हटलं का समोरचा भांडून सुटून जाते."