काकूजींची चेष्टा

पालथ्या हातावर चिकटपट्टीने लावलेला कापसाचा बोळा, आणि त्यावर दुसऱ्या हाताचा अंगठा घट्ट दाबलेला. अशा थाटात त्या केमोच्या हॉलच्या दारात उभ्या राहायच्या आणि मोठ्याने म्हणायच्या, "बरं का, येते हं."

हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं असायची. गाझीपूर, बलिया, चंदौली, काही थेट बिहारमधून आलेली. त्यात मराठी कळणारी मी एकटी. पण सलाइन न लावलेला हात वर करून सगळेच म्हणायचे, "आइएगा, काकूजी."

हे ‘काकूजी’ माझ्यामुळे झालं. मी त्यांना काकू म्हणत होते, आणि शेजारच्या खुर्चीतल्यांना वाटलं ते त्यांचं नाव आहे. तीन आठवड्यांनी परत गेले तर हॉलभर ‘काकूजी’ झालं होतं. मी खुलासा करायला गेले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे गं. पस्तीस वर्षं बहनजी होते, आता काकूजी. पदोन्नतीच झाली." मुलींच्या शाळेत हिंदी शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या.

मी मूळची सांगलीची. बँकेने बदली करून बनारसला पाठवलं, दीड वर्षात छातीत गाठ सापडली, ऑपरेशन इथेच झालं. नवरा आला, राहिला, रजा संपली तसा परत गेला. त्याच्या आईलाही बघणारं कोणी नव्हतं. पहिल्या केमोला मी ऑटोने एकटी गेले. रडू येऊ नये म्हणून मी सगळ्यांवर चिडून बसले होते. माझा तो स्वभावच आहे. दुःख झालं की मला आधी राग येतो.

"मराठी ना?" शेजारच्या खुर्चीतून आवाज आला. "मंगळसूत्रावरून ओळखलं. घबरू नको. पहिली बारी आहे?"

साठी उलटलेली बाई, डोक्याला सुती रुमाल, हाताला सलाइन. पोटातला आजार, एकदा जाऊन परत आलेला. हे सगळं त्यांनी घरात पाहुणे आल्याचं सांगावं तसं सांगितलं. मग माझा न उघडलेला डबा बघून म्हणाल्या, "काही तरी खायची चेष्टा कर."

"मी चेष्टा करायच्या मनःस्थितीत नाही," मी फटकन म्हणाले.

त्या गोंधळल्या. "बरं, मग दोन घासांची तरी चेष्टा कर. पूर्ण नको."

मला समजायला चांगलं अर्धं मिनिट लागलं. चार पिढ्या बनारसमध्ये काढलेलं त्यांचं घर, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. तिथे शब्द मराठीच राहतात, पण पोटातला अर्थ हिंदी होऊन बसतो. हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न. मी अर्थ सांगितला, तर त्या खुर्चीत मागे रेलून हसल्या. ऑपरेशननंतर मीही पहिल्यांदाच हसले. त्यानंतर तो शब्द आमच्यात खेळासारखा झाला. "पाणी प्यायची चेष्टा केलीस का?" त्या मुद्दाम विचारायच्या.

निघताना त्यांनी दारातून "येते हं" म्हटलं तेव्हा मात्र माझ्या अंगावर काटा आला. आमच्याकडे इस्पितळातून निघताना कोणी ‘येते’ म्हणत नाही. गुपचूप उठायचं आणि बाहेर पडायचं. पुढच्या वेळी मी त्यांना तसं बजावलं.

"अगं, एकवीस दिवसांनी यायचंच आहे," त्या म्हणाल्या. "आणि इथं नाही आले तर कुठं जाणार? घरापासून मणिकर्णिका पायी पंधरा मिनिटं. खांदा देणाऱ्यांनाही फार परेशानी नाही."

तुमच्यापैकी कोणी अशा हॉलमध्ये बसलं असेल तर त्याला माहीत असेल, तिथे डॉक्टरपेक्षा शेजारच्या खुर्चीचं जास्त ऐकलं जातं. डॉक्टरने स्वतः कुठे सुई घेतलेली असते? काकूजींनी घेतली होती. त्या दिवसभर एक स्टूल ओढत एका खुर्चीपासून दुसरीकडे जायच्या. ब्रश मऊ घ्या. केस गळायला लागले की आपणच कापून टाका, उशीवर सापडले की जास्त लागतं. पर्समध्ये वाळवलेल्या आवळ्याची डबी असायची, ती सगळीकडे फिरायची. आणि कोणी फारच घाबरलं असेल तर त्या आपला पट्टी लावलेला हात पुढे करायच्या. "देखिए, हमारा तो सबेरे ही हो गया. खड़े हैं ना आपके सामने?"

त्या पहिल्या दिवसानंतर त्यांचं नेहमी सकाळीच झालेलं असायचं. माझा नंबर लागेपर्यंत त्यांच्या हाताला कापूस असायचा. पहिला नंबर मिळवायला ही बाई किती वाजता उठत असेल, असं मला वाटायचं.

माझ्या दुसऱ्या केमोला गाझीपूरची एक मुलगी आली. पंचवीस-सव्वीसची, घरी दोन वर्षांचं मूल ठेवून आलेली. तिचा आजार बरा होण्यातला होता. डॉक्टरांनी तिच्या दिराला माझ्यासमोर सांगितलं होतं, ही बरी होईल, फक्त मध्येच सोडू नका. आणि ती सोडायलाच निघाली होती. पहिल्याच डोसनंतर ओकून ओकून अर्धी झाली. "हमसे ना होई, काकूजी," ती म्हणायची. "मरे के बा त घरहीं मरब." मरायचंच तर घरीच मरेन.

काकूजींनी तिचा हात धरून करार केला. "तुम आओगी तो हम आएँगे. हम आएँगे तो तुम आओगी. बोलो."

ती बोलली नाही, पण पुढच्या वेळी आली. दारातूनच मान उंच करून स्टूल शोधत आली.

माझंही तेच होतं. तिसऱ्यानंतर तोंडभर फोड आले, ताप उतरेना, आणि मी ठरवून टाकलं की बस झालं. नवऱ्याला फोनवर सांगूनही मोकळी झाले. पण एकविसाव्या दिवशी सकाळी मला राहून राहून ते ‘येते हं’ आठवायला लागलं. ती म्हातारी आजार घेऊन गल्लीतून निघणार, रिक्षा बदलत येणार, आणि मी घरी पडून राहणार. मला लाज वाटली. उठले आणि गेले. चौथा झाला तो असा.

पाचवा केमो मे महिन्यात होता. बाहेर लू चालली होती आणि हॉलमधले पंखे गरम हवाच फिरवत होते. औषध सुरू होऊन तासभर झाला आणि मला एकदम उलटी आली. काकूंनी धावत येऊन भांडं धरलं. सगळं त्यांच्या हातावर. त्यांनी नळाखाली हात धुतले, ओल्या हाताने माझं तोंड पुसलं, आणि तेवढ्यात भिजलेली पट्टी सुटून कापूस माझ्या मांडीवर पडला.

कापूस पांढरा होता. मी त्यांचा हात धरला. पालथ्या हातावर जुने काळे डाग होते, जळलेल्या शिरा होत्या. ताजं टोचल्याची खूण कुठेच नव्हती.

"काकू, तुमचं आज झालेलं नाही."

त्यांनी हात मागे ओढून घेतला.

"कधीपासून?"

"होळीच्या आधीपासून," त्या हळू म्हणाल्या. "औषधाने काम नाही केलं. डॉक्टर म्हणाले, आता घरी आराम करा."

होळीच्या आधी. म्हणजे माझ्या दुसऱ्या केमोच्या आधी. म्हणजे ज्या हाताकडे बघून मी चौथ्यांदा आले, आज पाचव्यांदा आले, तो हात नुसताच पट्टी लावलेला होता. ज्या औषधावर मी भरवसा ठेवला होता, त्याने त्यांना सोडून दिलं होतं आणि मला कोणी सांगितलंही नव्हतं. मला आधी राग येतो, हे मी सांगितलंच.

"मग इथे येऊन काय करता तुम्ही?"

"चेष्टा करते," त्या म्हणाल्या.

"आमची?"

त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. त्यांनी माझ्या मांडीवरचा कापूस उचलून मुठीत घेतला. पर्स घेतली, स्टूल जागेवर ठेवलं आणि दारातून निघून गेल्या. त्या दिवशी त्या ‘येते’ म्हणाल्या नाहीत.

माझ्या पलीकडे, एक खुर्ची सोडून, गाझीपूरची मुलगी बसली होती. तिला आमचं मराठी कळलं नव्हतं. तिने विचारलं, "काकूजी आज ऐसे ही चली गईं?"

आणि मी तिला सांगितलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण लिहिते. मी म्हणाले, "काकूजी का इलाज कब का बंद है. दवा ने काम नहीं किया. झूठमूठ पट्टी लगा के आती हैं."

तिने डोक्यावरून पदर पुढे ओढला आणि आपल्या सलाइनच्या बाटलीकडे बघत राहिली.

सहाव्या, शेवटच्या केमोला मी गेले तेव्हा स्टूल भिंतीला लावलेलं होतं. काकूजी नव्हत्या. गाझीपूरची मुलगी नव्हती. मी दुपारपर्यंत वाट पाहिली. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, "गाझीपुर वाली? उसके घर फ़ोन किया था. देवर बोला, अब नहीं आएगी."

मी नोंदणीच्या खिडकीवर जाऊन काकूजींची चौकशी केली.

"मरीज़ का नाम?"

"काकूजी."

"नाम बताइए, मैडम."

मला नाव माहीत नव्हतं. तीन महिने जिने मला सावरलं, माझी ओकारी हातावर झेलली, तिचं नाव मी विचारलं नव्हतं. काकू म्हटलं की झालं, असं आम्हा मराठी माणसांना वाटतं.

सिस्टरने माझी सुई काढताना आपण होऊन सांगितलं, "पट्टी हम ही देते थे उनको. पहले मना किया था. तो हाथ जोड़ के बोलीं, सिस्टर, इलाज तो हुआ नहीं, कम से कम चेष्टा करने दीजिए. दो-चार लोग पूरा कर लें."

शब्द मला ठाऊक होता. त्यांच्या तोंडून पहिल्याच दिवशी ऐकला होता, ऑपरेशननंतरचं पहिलं हसू त्या शब्दावर आलं होतं. आणि नेमक्या वेळेला मी तो सांगलीचा ऐकला.

दुसऱ्या दिवशी अंगात ताप असताना मी ब्रह्मा घाटाकडे गेले; त्यांचं घर त्या बाजूला आहे, एवढंच कधी तरी बोलण्यात आलं होतं. गल्लीत पानवाल्याला विचारलं, "मराठी मास्टरनी, जो बीमार हैं?" त्याने नाव न विचारता बोटाने घर दाखवलं. इस्पितळाला नाव लागतं, गल्लीला लागत नाही.

दार त्यांच्या वहिनींनी उघडलं. आत खाटेवर काकू होत्या, पण फार थोड्या उरल्या होत्या. पोट फुगलेलं, हात काडीसारखे. मला ओळखून त्यांनी खाटेची कड थोपटली. मी बसले. माफी मागायची वाक्यं मी ऑटोत जुळवत आले होते, त्यातलं एक धड बाहेर आलं नाही. नुसतं "काकू, माझं चुकलं," म्हणाले आणि रडले. राग आलाच नाही.

"तुझं सहावं झालं?" त्यांनी विचारलं. आवाज अगदी आत गेलेला.

"झालं. काल."

त्यांनी डोळे मिटले. समाधानाने मिटले, असं मला वाटलं. मग पुन्हा उघडले.

"आणि ती? गाझीपूरवाली? आली होती?"

वहिनी दारात उभ्या होत्या. खालच्या गल्लीतून कोणाला तरी घेऊन चालले होते, ‘राम नाम सत्य है’ ऐकू येत होतं. तो आवाज पुढे जाईपर्यंत मी थांबले.

"आली होती," मी म्हणाले. "तुमची आठवण काढत होती. म्हणाली, काकूजींना सांगा, आता एकच राहिलाय."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पस्तीस वर्षं वर्गातल्या मुलींचं खोटं पकडणाऱ्या बाईची नजर होती ती.

"चेष्टा करतेस?" त्यांनी विचारलं.

कोणत्या भाषेत विचारलं ते मला कळलं नाही. दोन्ही भाषांत उत्तर एकच होतं.

"हो," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. मग त्यांचा उजवा अंगठा हळूहळू सरकत डाव्या पालथ्या हातावर गेला आणि तिथे, काहीच नसलेल्या जागेवर, दाबून राहिला. मी उठले. "येते हं," म्हणाले. रविवारी परत जायचं मी खरंच ठरवलं होतं. वहिनींना माझा नंबर देऊन आले होते. शुक्रवारी त्यांचा फोन आला. मणिकर्णिका तिथून पंधरा मिनिटांवर, मी घरी पोचेपर्यंत मंडळी त्यांना घेऊन निघूनही गेली होती.

आता दर तीन महिन्यांनी मला तपासणीसाठी जावं लागतं. रक्त घेतात, हाताला कापूस लावतात. तो अंगठ्याने दाबून धरत मी केमोच्या हॉलच्या दारात जाते आणि एकेक खुर्ची बघते. गाझीपूरची मुलगी नसते. कोणी तरी नवीन माणूस घाबरून माझ्या हाताकडे बघत असतं. मी स्टुलापर्यंत एकदाही गेलेली नाही. थोडा वेळ उभी राहते, आणि आमच्याकडे निघतात तशी, काही न बोलता निघते.