दहा हजार एक

फळा ओल्या फडक्याने पुसल्याचा वास आला की उंद्रीच्या शाळेतली तपासणी आठवते. महाराष्ट्र राज्य तेव्हा नवे होते, मी हंगामी शिक्षक होतो आणि कायम होणे त्या दिवसावर अवलंबून होते. तपासणीचे साहेब मागच्या बाकावर बसले. मी फळ्यावर १०००१ लिहून सांगितले, ही मूळ संख्या आहे, हिला कशानेच भाग जात नाही. आदल्या दिवशी तिसापर्यंतचे सगळे पाढे मी लावून पाहिले होते. मला पाठ तेवढेच होते. सातवीतली एक मुलगी मात्र पाटीवर भागाकार करतच राहिली. ती मान वर करीना तसा मी फळ्यावरचा आकडा पुन्हा गिरवला. "गुरुजी, त्र्याहत्तरनं जाते," ती म्हणाली, "एकशे सदतीस येते." शेजारीण कुजबुजली, "गप बस वं, साह्यबासमोर काऊन बोलून राह्यली?" मी गुणाकार मांडला, उत्तर दहा हजार एकच आले. "कुठपर्यंत तपासलं होतं?" साहेबांनी विचारले. "तिसापर्यंत," मी म्हणालो. त्यांनी वहीत बराच वेळ काही लिहिले. पुढचे तीन आठवडे मी रोज टपालाच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो आणि हुकूम यायच्या आतच राजीनामा दिला. तो हुकूम काय होता, हे विचारायला मी अजून गेलेलो नाही.